एकाच नावाचे दोन अलादीन

इंदुरात नव्वदीत वाढलेल्या मंडळींसमोर 'अलादीन' गेमचा विषय काढला की हटकून दोन तट पडतात. एक म्हणतो, अलादीनच्या हातात तलवार होती, सपासप चालवायचो. दुसरा म्हणतो, तलवार कसली? तो तर शिपायांच्या डोक्यावर उड्या मारत पुढे जायचा. राजेंद्रनगरच्या एका गणेशोत्सवात, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, चाळिशी उलटलेल्या दोन गृहस्थांना यावरून हमरीतुमरीवर आलेलं मी पाहिलं आहे. खरं तर दोघंही बरोबर बोलत होते. ते दोन वेगळे गेम होते.

डिस्नेचा 'अलादीन' चित्रपट अमेरिकेत नोव्हेंबर १९९२ मध्ये आला. पुढच्या नोव्हेंबरात, म्हणजे १९९३ मध्ये, त्यावरचे दोन गेम जवळपास एकाच वेळी बाजारात उतरले. एक सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर (अमेरिकेत त्याच यंत्राला जेनेसिस म्हणत) आणि दुसरा निन्टेंडो कंपनीच्या सुपर निन्टेंडो या तशाच यंत्रावर. नाव एक, नायक एक, बाजारातून गुहेपर्यंतची गोष्टही तीच. पण गेम बनवणारी माणसं वेगळी, देश वेगळा, आणि अलादीनने काय करावं याबद्दलचा विचारही वेगळा. एकच आख्यान दोन कीर्तनकारांनी लावावं आणि दोघांचा पूर्वरंगच निराळा असावा, तसा हा प्रकार. त्यामुळे 'कोणतं व्हर्जन चांगलं' हा प्रश्न तीस वर्षं झाली तरी मिटत नाही. बहुतेक जण यंत्रांची ताकद मोजत बसतात. माझ्या मते खरं कारण परवान्यांच्या कागदात आहे, यंत्रं त्यानंतर येतात.

डिस्नेची पात्रं गेममध्ये आणायची तर परवाना लागतो, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो दोन बाजूंना वाटला गेला होता. निन्टेंडोच्या यंत्रांसाठी डिस्नेचे गेम मुख्यतः जपानची कॅपकॉम बनवत असे. १९८९चा 'डकटेल्स' आणि १९९०चा 'चिप अँड डेल' हे कॅपकॉमचेच. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'डकटेल्स' पाहून मग टीव्ही गेमला कॅसेट लावणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना या दोन गेमची वेगळी ओळख करून द्यायला नको. तिकडे सेगाने १९९० मध्ये 'कॅसल ऑफ इल्युजन'मधून मिकी माउसला मेगा ड्राइव्हवर आणलं होतं. तेव्हा 'अलादीन'ची वेळ आली त्या वेळी एकच गेम बनवून दोन्ही यंत्रांवर चढवण्याचा प्रश्नच नव्हता. सुपर निन्टेंडोचा गेम कॅपकॉमकडे गेला. मेगा ड्राइव्हचा गेम सेगाच्या नावाने निघाला, पण तो घडवला कॅलिफोर्नियातल्या व्हर्जिन गेम्सच्या चमूने.

या चमूचा म्होरक्या होता डेव्हिड पेरी, उत्तर आयर्लंडमधून आलेला प्रोग्रॅमर. 'ग्लोबल ग्लॅडिएटर्स' आणि 'कूल स्पॉट' हे पळण्या-उडण्याचे गेम त्याने आधीच केले होते आणि त्यांचाच सांगाडा 'अलादीन'ला वापरला. हाताशी पुरतं वर्षही नव्हतं. मग डिस्नेने एक गोष्ट केली जी तोवर गेमच्या धंद्यात सहसा होत नव्हती: आपले चित्रकार दिले. अलादीनचं पळणं, थांबणं, तलवार फिरवणं, लटकणं, सगळं डिस्नेच्या ॲनिमेटरांनी चित्रपटासारखं कागदावर पेन्सिलने काढलं. ते कागद स्कॅन करून संगणकावर रंगवले गेले. या पद्धतीला व्हर्जिनने 'डिजिसेल' असं नाव दिलं आणि जाहिरातीतही ते मिरवलं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण यंत्राच्या मर्यादा पाहिल्या की त्यातलं कसब कळतं. मेगा ड्राइव्हमध्ये हलणारं एक चित्र जास्तीत जास्त ३२ बाय ३२ ठिपक्यांचं असू शकतं. डिस्नेचा अलादीन त्यात मावत नाही. मग त्याच्या प्रत्येक मुद्रेचे छोटे-मोठे चौकोनी तुकडे पाडायचे, रिकामी जागा कमीत कमी वाया जाईल असे बसवायचे, आणि खेळ चालू असताना दर क्षणी कॅसेटमधून नवे तुकडे उचलून पडद्यावर पुन्हा जुळवायचे. शिवाय रंग. मेगा ड्राइव्हच्या पोतडीत ५१२ रंग होते आणि एका वेळी पडद्यावर साधारण ६४. त्यातच वाळवंट, राजवाडा, गुहा आणि जिनीचा निळा रंग बसवायचा. १६ मेगाबिटच्या कॅसेटमध्ये, म्हणजे दोन एमबीत, हे सगळं मावलं. आज मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो.

आणि ते नुसतं मावलं नाही, तर खुललं. पहिल्याच बाजाराच्या स्टेजमध्ये एक शिपाई उभा असतो. त्याला सफरचंद फेकून मारलं की त्याची विजार घसरते, आत बदामांची नक्षी असलेली चड्डी दिसते, आणि तो गडबडून ती वर ओढतो. गेमला याची काही गरज नव्हती. मारलं की शत्रू नाहीसा, इतकं पुरलं असतं. पण चित्रकाराने तिथे चार रेषा जास्त काढल्या आणि मुलं त्याच शिपायापाशी पुन्हापुन्हा रेंगाळली. अलादीनची ताकद किती उरली हेही कोपऱ्यात आकड्याने दाखवलेलं नाही. दिव्यातून निघणारा धूर आखूड होत जातो, त्यावरून ओळखायचं.

जपानमध्ये कॅपकॉमचं काम वेगळ्या वळणाने चाललं होतं. तिथे रचनेची बाजू शिंजी मिकामी सांभाळत होते. हे नाव पुढे १९९६ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' या भीतिदायक गेममुळे जगभर झालं. भुतावळीने भरलेल्या वाड्याचा कर्ता आधी अलादीनला कापडाची छत्री करून हवेत तरंगवत होता, हे मला आजही विलक्षण वाटतं. मिकामींच्या अलादीनकडे तलवार नाही. शत्रूच्या डोक्यावर पाय देऊन उडी घ्यायची, सफरचंदाने त्याला नुसतं झिंगवायचं, भिंतीतून निघालेल्या दांड्याला पकडून गिरकी मारायची, कडेला लोंबकळून वर यायचं. आबू माकड सतत सोबत असतं. मेगा ड्राइव्हवर आबूला हाती घ्यायला बोनस स्टेजची वाट पाहावी लागते.

इथे माझं मत सांगतो. डोळ्यांना मेगा ड्राइव्हचा अलादीन सरस आहे, यात वाद नाही. पण हाताला कॅपकॉमचा जास्त गोड लागतो. मेगा ड्राइव्हवर मुद्रा इतक्या सविस्तर आहेत की कधी कधी उडी नेमकी कुठे टेकली याचा अंदाज चुकतो, शत्रूचा वार कुठून लागला ते कळत नाही. कॅपकॉमचा अलादीन रिमोटवरच्या बोटाशी बांधलेला आहे. एका दांड्यावरून सुटून दुसऱ्यावर, तिथून शिपायाच्या डोक्यावर, तिथून छज्ज्यावर, हा क्रम एकदा जमला की पाय जमिनीला न लावता अर्धी गल्ली पार होते. उलट त्यात अवघडपणा कमी आहे, आणि सराईत हात एका बैठकीत तो संपवून टाकतो.

यंत्रांचा फरक होताच, पण तो एका बाजूला झुकणारा नव्हता. मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ मध्ये आला, सुपर निन्टेंडो १९९० मध्ये. सेगाचा मुख्य प्रोसेसर साधारण ७.६ मेगाहर्ट्झचा, निन्टेंडोचा ३.५८. पण निन्टेंडोकडे ३२,७६८ रंगांची पोतडी आणि पडद्यावर एका वेळी २५६ रंग. त्यामुळे कॅपकॉमच्या गुहेत, संध्याकाळच्या आभाळात रंग एकमेकांत विरघळतात, आणि सेगाच्या पडद्यावर ते ठसठशीत कडांनी उभे राहतात. सेगाचं चित्र ३२० ठिपके रुंद, निन्टेंडोचं सहसा २५६, म्हणून सेगावर रेषा बारीक दिसते. आवाजात निन्टेंडोची चिप ध्वनिमुद्रित वाद्यांचे तुकडे वाजवत असे, तर सेगाची यामाहा चिप सूर स्वतः घडवत असे. टॉमी टॅलारिको आणि डोनाल्ड ग्रिफिन यांनी त्या चिपमधून जे काढलं ते ऐकण्यासारखं आहे. कॅपकॉमची कॅसेट १० मेगाबिटची, म्हणजे सेगापेक्षा लहान. हे सगळे आकडे खरे असले तरी, तलवार हातात द्यायची की नाही हे काही कोणत्या चिपने ठरवलं नव्हतं.

आता हे आपल्या इंदुरात कसं पोचलं ते पाहू, कारण आपल्याकडचा वाद त्यावरच उभा आहे. नव्वदीच्या मध्यात भारतात सेगाची यंत्रं शॉ वॉलेस कंपनीमार्फत विकली गेली, पण मध्यमवर्गीय घरात ती क्वचितच आली. सुपर निन्टेंडो तर कोणाचे काका अमेरिकेहून आले तरच. रामबागेत, लोकमान्यनगरात घरोघरी असायचा तो आठ बिटचा नकली टीव्ही गेम आणि पिवळ्या कॅसेटी. सेगा खेळायचा तर पार्लरमध्ये तासावर पैसे मोजायचे.

'अलादीन' खऱ्या अर्थाने घरात शिरला तो संगणकावरून. व्हर्जिनने १९९४ मध्ये मेगा ड्राइव्हचाच गेम डॉस या संगणकाच्या प्रणालीवर आणला. जेल रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक घरी आला की त्यासोबत गेमनी भरलेली सीडी यायची, आणि त्यात हमखास हा अलादीन असायचा. वडिलांनी हिशेबासाठी आणि ताईच्या क्लाससाठी घेतलेल्या संगणकावर उन्हाळ्याच्या सुट्टीत आते-मामे भावंडांची रांग लागायची: एक लाइफ गेली की खुर्ची सोडायची, असा करार. बाणांच्या बटणांवर पळायचं, आणि साउंड कार्ड नसेल तर वाजेल तेवढ्यावर समाधान मानायचं. अशा रीतीने आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात तलवारवाला अलादीन बसला.

मग डोक्यावर उड्या मारणारा अलादीन इथे कुणी पाहिला? अमेरिकेच्या काकांची दोन-चार घरं सोडली तर तो आला पिवळ्या कॅसेटीतून. तैवानमधल्या एका गटाने १९९५च्या सुमारास कोणताही परवाना न घेता आठ बिटच्या यंत्रासाठी एक 'अलादीन' बनवला होता, आणि त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवला होता तो कॅपकॉमचा गेम. रंग गेले, आवाज गेला, आभाळ सपाट झालं, पण मिकामींची उडी तेवढी टिकली. प्रसादाच्या रांगेतल्या त्या दुसऱ्या गृहस्थांनी बहुधा हाच खेळला असावा. संगणक असलेल्या घरातला अलादीन एक आणि टीव्ही गेमवाल्या घरातला दुसरा, अशी ती फाळणी होती. कुणाला कोणता आवडला यात आवडीइतकाच घरच्या परिस्थितीचा हात होता.

विक्रीत सेगाचा गेम पुढे गेला. त्याच्या सुमारे ४० लाख प्रती खपल्याचं सांगितलं जातं, कॅपकॉमच्या स्वतःच्या यादीत त्यांचा आकडा साडेसतरा लाखांचा आहे. पेरीने लगेच व्हर्जिन सोडून शायनी एंटरटेनमेंट ही स्वतःची कंपनी काढली, आणि तिच्या १९९४च्या 'अर्थवर्म जिम' या गेममध्ये तेच मऊ, लवचिक ॲनिमेशन दिसतं. मिकामींनी खूप वर्षांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं, की हा गेम आपण बनवला नसता तर आपण मेगा ड्राइव्हचाच विकत घेतला असता. त्यात ॲनिमेशन चांगलं होतं आणि तलवार होती, जी आपल्यालाही हवी होती. या एका कबुलीवर सेगावाले वाद जिंकल्याचं मानतात. मला त्यात एका कसबी माणसाने दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद दिसते. उडीचा जो आनंद त्यांनी दिला तो या कबुलीने कमी होत नाही.

एका नावाचे दोन इतके निराळे गेम, असं पुन्हा फारसं घडलं नाही. १९९४चा 'लायन किंग' गेम वेस्टवूड स्टुडिओने व्हर्जिनसाठी केला तो दोन्ही यंत्रांवर जवळपास एकसारखा होता. त्याच्या दोन आवृत्त्यांची तुलना रंग आणि आवाजापाशी येऊन थांबते.

२०१९ मध्ये 'अलादीन' आणि 'लायन किंग' यांचा एकत्रित संग्रह नव्या यंत्रांवर निघाला. त्यात मेगा ड्राइव्हचा अलादीन होता, १९९३च्या व्यापारी प्रदर्शनात दाखवलेला त्याचा कच्चा नमुनाही होता, पण कॅपकॉमचा नव्हता. परवान्याची ती जुनी भिंत एवढ्या वर्षांनीही उभीच होती. २०२१च्या वाढीव संग्रहात मात्र सुपर निन्टेंडोचा अलादीन आला, आणि दोन्ही गेम अधिकृतपणे एका ठिकाणी खेळता येऊ लागले. ज्यांना तुलना करायची आहे त्यांनी दोन्हींतली बाजाराची पहिली स्टेज लागोपाठ खेळून पाहावी. सुरुवात कॅपकॉमपासून करावी, कारण सेगाचं ॲनिमेशन आधी पाहिलं की डोळे त्यावरच अडकतात आणि मिकामींच्या त्या दांड्यावरच्या गिरक्यांकडे लक्ष जात नाही.