पुसलेल्या भिंती, फिरत्या सावल्या : नलिनी मलानी यांच्या मांडणशिल्पांची पार्श्वभूमी

1992 साली मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत नलिनी मलानी यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली. पंधरा दिवस ती लोकांसमोर राहिली आणि मग त्यांवर पांढरा रंग फिरला. विकत घेऊन घरी न्यावं असं काही मागे उरलं नाही. राजस्थानात नाथद्वाऱ्याची एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं देखभालीअभावी नष्ट होत होती, त्याविरुद्ध त्यांना बोलायचं होतं. त्यासाठी त्यांनी स्वतःचंच काम पुसू दिलं. या कामाचं नाव ‘सिटी ऑफ डिझायर्स’.

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू, चित्रं, प्रकाश, आवाज यांनी अख्खी जागाच घडवणारी कला) हे परदेशातून आलेलं खूळ, असं आपल्याकडे चांगले जाणते लोकही म्हणतात. मलानींचा प्रवास पाहिला की मला ते अजिबात पटत नाही. त्यांनी कॅनव्हासच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं त्याची कारणं याच देशात आहेत, आणि बरीचशी मुंबईतच आहेत.

त्यांचा जन्म 1946 चा, कराचीचा. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंबाला सगळं सोडून निघावं लागलं. आधी कोलकाता, मग मुंबई. त्या वयातलं त्यांना स्वतःला काय आठवणार? पण मागे राहिलेल्या घराच्या गोष्टी ऐकतच त्या वाढल्या, आणि पुढे पन्नास वर्षं त्यांच्या कामात हे निर्वासितपण पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिलं.

1964 ते 1969 त्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. मला मात्र शाळेइतकीच महत्त्वाची वाटते ती ब्रीच कँडीची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. तिथे गायतोंडे चित्रं काढत होते, अल्काझींची नाटकं उभी राहत होती, संगीत-नृत्याचं काम चालत होतं, आणि हे सगळं एकाच आवारात! विद्यार्थिदशेतच मलानींना तिथे कामाची जागा मिळाली. चित्र, देह, आवाज, प्रकाश या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायच्या गोष्टी नव्हेत, हे ज्याने विशीच्या आत पाहिलं, तो आयुष्यभर एकाच चौकटीत रमेल कसा?

1969 मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकारांनी कॅमेरा हातात घ्यावा, हा त्यामागचा विचार. तिथे मलानींनी घरांच्या प्रतिकृती वापरून ‘ड्रीम हाउसेस’ हा छोटा चित्रपट केला. स्वतंत्र देश, नवी शहरं, सर्वांना घर, अशा त्या काळच्या आशेचा तो रंगीत तुकडा. 1976 मध्ये त्याच्या शेजारी दुसरा, कृष्णधवल चित्रपट आला. त्यात उंच इमारतीतून एक तरुणी खालच्या वस्तीकडे पाहत उभी आहे. दोन्ही शेजारीशेजारी दाखवायचे आणि जोडीचं नाव ‘युटोपिया’. मधल्या सात वर्षांत काय विरलं, ते दोन पडद्यांमधल्या अंतरातच दिसतं. आपल्याकडच्या दृश्यकलेत इतकी नेमकी मांडणी मी फार थोडी पाहिली आहे.

दरम्यान 1970 ते 1972 अशी दोन वर्षं त्या फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. परतल्यावर स्टुडिओ घेतला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत. हमाल, हातगाड्या, गिऱ्हाइकं, फुटपाथवरचे संसार असं सगळं दिवसभर समोर. ‘हायरोग्लिफ्स, लोहार चाळ’ ही 1989 पासूनची चित्रमालिका त्यातूनच आली. याच सुमारास, 1987 ते 1989 मध्ये, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग यांच्यासोबत त्यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे फक्त स्त्री चित्रकारांचं प्रदर्शन गावोगाव नेलं. बाईने काढलेलं चित्र ‘नाजूक’ म्हणून बाजूला ठेवण्याची तेव्हा सर्रास रीत होती.

भिंतीवरची चित्रं पुसली गेली त्याच वर्षाच्या अखेरीला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. हा धक्का एकट्या मलानींना बसला नव्हता. विवान सुंदरम यांनी दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या माणसाच्या वृत्तपत्रीय छायाचित्रावरून 1993 मध्ये ‘मेमोरियल’ उभारलं. रुम्माना हुसेन यांचं काम त्याच घटनेनंतर मुळापासून बदललं. भारतात मांडणशिल्प रुजलं ते या दिवसांत, हे विसरून त्याचा इतिहास सांगता येणार नाही. भिंतीवर टांगलेलं देखणं चित्र या कलावंतांना अपुरं वाटू लागलं होतं.

मलानी नाटकाकडे वळल्या. 1993 मध्ये जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या संहितेवर अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासोबत मॅक्सम्युलर भवनात प्रयोग केला. 1998 मध्ये पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या आणि मलानींनी मंटोची फाळणीवरची गोष्ट हाताशी घेऊन ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ केलं. खोलीत पत्र्याच्या बारा ट्रंका, त्यांत टीव्हीचे पडदे, भोवती भिंतींवर चित्रफिती. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकच साडी मिळून घडी घालू पाहतात, पण त्यांना ते जमत नाही. पत्र्याची ट्रंक ही निर्वासिताची खूण आपल्या प्रत्येकाला कळते. त्यासाठी कलेची परिभाषा यावी लागत नाही. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये हे काम लागलं तेव्हा एरवी आर्ट गॅलरीची पायरी न चढणारे लोक ते पाहू शकले, याचं मोल मला पुरस्कारांहून जास्त वाटतं.

त्यांची सगळ्यांत ओळखीची शैली सावल्यांची. काचेच्या मागच्या बाजूने उलट्या क्रमाने चित्र रंगवण्याचं तंत्र त्यांना चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून मिळालं. आधी शेवटचे बारकावे, मग अंगाचा रंग, शेवटी पार्श्वभूमी. अशी जुनी काचचित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. मलानींनी काचेऐवजी मायलर या प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे पारदर्शक दंडगोल रंगवले, ते छताला टांगून फिरते ठेवले आणि त्यांतून प्रकाश सोडला. चित्राची सावली भिंतीवरून फिरते, दुसऱ्या सावलीत मिसळते, आणि मध्ये उभ्या असलेल्या प्रेक्षकाचीही सावली त्यात पडते. जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात 2012 मध्ये दाखवलेलं, उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून नाव घेतलेलं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ हे यातलं शिखर. हिंसा सोसलेल्या स्त्रीचा आवाज त्यात घुमत राहतो. मला ते पाहताना कोकणातल्या पिंगुळीच्या, सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या आठवतात. हा माझ्या मनाने जोडलेला धागा, त्यांनी सांगितलेला नव्हे.

मानसन्मान उशिरा पण भरघोस आले. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात 2017 मध्ये सिंहावलोकन प्रदर्शन, 2019 चा जोन मिरो पुरस्कार, 2023 चा क्योटो पुरस्कार.

गेली काही वर्षं त्या आयपॅडवर बोटाने रेखाटनं करून त्यांची चलचित्रं बनवतात. 2023 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांनी युरोपच्या नामवंत जुन्या चित्रांवरच अशी रेखाटनं फिरवली. मूळ चित्रांतली दबलेली, कोपऱ्यात राहिलेली माणसं त्यांत पुढे येत होती. भिंतीला रंगाचा थेंबही लागला नव्हता. प्रोजेक्टर बंद केला की भिंत पुन्हा कोरी.