पाण्यात गुदमरणारी मरळ

मृग नक्षत्र लागलं की हैदराबादच्या त्या रांगेचे फोटो मोबाइलवर यायला लागतात. दम्याचे रुग्ण तोंड वासून उभे, आणि कुणीतरी मरळ माशाचं बोटाएवढं जिवंत पिल्लू पिवळ्या औषधासकट त्यांच्या घशात सोडतंय. महाराष्ट्रातूनही लोक जातात. यंदा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी खाली शास्त्रही जोडलं: "मरळ हवेत श्वास घेते, म्हणून तिची ताकद थेट फुप्फुसात उतरते."

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. त्यापुढचं 'म्हणून' तेवढं घरचं! पिल्लू अन्ननलिकेतून जठरात जातं, तिथल्या आम्लात त्याचा निकाल लागतो. चुकून श्वासनलिकेत गेलंच तर दमा राहील बाजूला, आधी दवाखाना गाठावा लागेल. याने दमा बरा होतो याला पुरावा नाही, तेव्हा इनहेलर सोडू नका. पण काकांमुळे मरळीचा विषय निघालाच आहे, तर तो मी सोडत नाही.

बाजारात मरळ जिवंतच विकतात. घमेल्यात चार बोटं पाणी आणि त्यात पाच-सहा मरळी एकमेकींवर रेललेल्या. "मावशी, पाणी एवढंसंच?" असं मी एकदा विचारलं. "जास्त घालून काय करू? तोंड वर काढायला जागा पायजे तिला." मावशींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पूर्ण वाढलेल्या मरळीला पाण्यात जाळीखाली डांबून ठेवलं, तर ती चक्क गुदमरून मरते.

लिटरभर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाच्या चांगल्या पाण्यात तो जेमतेम ५ ते ६ मिलिलिटर. शेवाळलेल्या तळ्यात तर रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, पण श्वसन सगळ्यांचंच चालू, त्यामुळे पहाटेपर्यंत खडखडाट. रोहू-कटला तेव्हा वर येऊन तोंडं उघडझाप करतात आणि सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की कुणीतरी विष टाकल्याची बातमी होते. विष कधी असतंही, पण पुष्कळदा दोष या पहाटेचाच.

मग सगळे मासे हवाच का घेत नाहीत? कोथिंबिरीची जुडी पाण्यात कशी सुटी, मोकळी तरंगते! बाहेर काढा, पानं एकमेकांना चिकटून लगदा होतो. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांचं हवेत हेच होतं. मरळीने म्हणून कल्ल्यांच्या वर, डोक्यातच, एक वेगळी पोकळी केली आहे. तिच्या अस्तरात केशवाहिन्यांचं दाट जाळं. घोट घेण्याआधी ती कल्ल्यांकडून उलटं पाणी आत घेऊन जुनी हवा बाहेर ढकलते, मग ताजी भरते. आपल्या फुप्फुसात दर श्वासानंतर बरीच शिळी हवा उरते. मरळीचा कारभार जास्त स्वच्छ.

आता माझा आवडता भाग. जरा सावकाश वाचा.

माशाचं हृदय साधं: रक्त आत घेणारा एक कप्पा (अलिंद), रक्त बाहेर ढकलणारा एक (निलय). रक्त हृदयातून कल्ल्यांत, तिथून शरीरात, मग परत हृदयात. मरळीच्या पोकळीला रक्त जातं पुढच्या कल्ल्यांमधून, आणि तिथे ऑक्सिजन घेतलेलं रक्त शरीराकडे न जाता शिरेवाटे पुन्हा हृदयात येतं. म्हणजे शरीरात पोचायला त्याला परत कल्ले ओलांडायचे. बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन नाही, रक्तात आहे. वायू जास्तीकडून कमीकडे जाणार, मग हवेतून कमावलेला ऑक्सिजन कल्ल्यांतून पाण्यात! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

मरळीने यावर दोन तोडगे काढलेत. चौथ्या कल्ल्याचे पापुद्रे खुरटलेले असतात आणि त्यातून रक्त जवळजवळ सरळ नळीतून गेल्यासारखं पुढे निघून जातं, गळतीला वावच कमी. दुसरा तोडगा अफलातून आहे. हृदयातून पुढच्या आणि मागच्या कल्ल्यांसाठी दोन वेगळ्या वाहिन्या निघतात. जपानच्या इशिमात्सू आणि इताझावा यांनी १९८३ मध्ये मरळीच्या एका जातभाईत या दोन्हींमधलं रक्त तपासलं, तर शरीराकडे निघालेल्या वाहिनीत ऑक्सिजन जास्त निघाला. निलय एकच, मधे पडदा नाही, तरी दोन प्रवाह पुरते मिसळत नाहीत! आतल्या स्पंजासारख्या स्नायूंच्या कप्प्यांमुळे हे जमत असावं.

मग कल्ले लागतातच कशाला? कार्बन डायऑक्साइडसाठी. तो पाण्यात ऑक्सिजनच्या वीसपटीहून जास्त विरघळतो, म्हणून मरळ घेते हवेतून आणि टाकते बरंचसं पाण्यात.

हे मी घरीच पाहिलं. टाकीचं झाकण नीट लावायचं राहिलं आणि सकाळी मरळ पलंगाखाली सापडली, धुळीने माखलेली, पण जिवंत. बादलीत सोडली तर हवेचा घोट घ्यायला ती वर आलीच नाही. हवा तर रात्रभर मिळालीच होती. तळाशी बसून कितीतरी वेळ कल्ल्यांची झाकणं भराभर हलवत राहिली.