ऑल-इनला उत्तर (पोकर)

पोकरमध्ये खेळाडूने समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावल्या की त्याला ऑल-इन म्हणतात. त्यावर कॉल करायचा (तेवढ्याच चिप्स लावायच्या) की फोल्ड (पत्ते टाकून द्यायचे), हा टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय.

नागपुरात पत्त्यांची गोडी बहुतेकांना दिवाळीतल्या तीन पत्तीतून लागते आणि तिथली सवय पोकरमध्ये नडते. तीन पत्तीत वाटलेले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात; मोठी चाल आली की अंदाज बांधायचा, नाहीतर पॅक व्हायचे. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि टेबलावर सर्वांची सामाईक पाच; त्यातली पहिली तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. त्यानंतरही टर्न आणि रिव्हर ही दोन पाने यायची असतात. त्यामुळे आत्ता कोणाचा हात मोठा एवढे पाहून भागत नाही.

समजा, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०० चिप्स आहेत आणि समोरच्याने उरलेल्या ४०० लावल्या. कॉल केल्यास पॉट १४०० होतो, त्यात आपले ४००. म्हणजे साधारण २९ टक्के वेळा जिंकलो तरी व्यवहार बरोबरीत सुटतो. हातात बदाम नव्वी-अठ्ठी, फ्लॉपवर बदाम राणी, बदाम चौकी आणि एक किलवर. समोर राणीची जोडी धरली, तर आपल्याला फ्लश (पाच पत्ते एकाच रंगाचे, इथे बदाम) हवा; उरलेल्या नऊ बदामांपैकी एक तरी रिव्हरपर्यंत येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. कॉल योग्य. हाच प्रसंग टर्नवर आला तर एकच पान बाकी असते, शक्यता २० टक्क्यांच्या आत येते आणि त्याच भावात फोल्डच करावा. समोरच्याकडे बदामाचाच मोठा फ्लश होऊ शकतो, ही धास्तीही हिशेबात धरावी लागते.

ऑल-इन करणारा दोन वाटांनी जिंकतो: सगळे घाबरून उठले तर, किंवा पत्ते चांगले निघाले तर. कॉल करणाऱ्याला फक्त दुसरी वाट उरते. म्हणूनच ज्या पत्त्यांवर स्वतः ऑल-इन करता येते, त्याच पत्त्यांवर दुसऱ्याचा ऑल-इन घेणे पुष्कळदा चूक ठरते. फ्लॉपआधी राणीची जोडी एक्का-राजासमोर जेमतेम पुढे असते. एक्क्याच्या जोडीसमोर मात्र तिला पाचातून एकदाच आशा. तेव्हा आपल्या पत्त्यांइतकेच हा माणूस कोणकोणत्या पत्त्यांवर सगळे लावतो, हेही पाहावे लागते. ते कळायला त्याचे आधीचे डाव लक्ष देऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

स्पर्धेत बक्षिसांची रांग जवळ आली की गमावलेल्या चिप्स मिळवलेल्यांपेक्षा जड जातात. तिथे कॉल आणखी आखडता घ्यावा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली असून पोकरही त्यात मोडतो. नागपूरकराने हा हिशेब घरच्या टेबलावर, नुसत्या चिप्सवर घोटावा.