सात ते अकरा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २० एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून, सरकारी आदेशानं महाराष्ट्रात किराणा, भाजी, दूध, बेकरी, मटण अशा सगळ्या दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ उरली. त्याच आदेशात एक सवलतही होती. घरपोच माल मात्र रात्री आठपर्यंत पोचवता येणार होता.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी तेव्हा सकाळी सातला पहिल्या घरात शिरायच्या. चार घरं उरकून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत साडेअकरा. म्हणजे दुकानं उघडी असताना त्यांचे हात आमच्या भांड्यांत आणि हात मोकळे झाले की शटर खाली. हे आमच्या लक्षात यायला आठवडा गेला. तेही एक दिवस त्यांनी बायकोला विचारलं म्हणून: "वहिनी, आज अर्धा तास आधी निघू का? घरात तेलाचा थेंब नाही."

ज्याच्या फोनमध्ये किराण्याचं ॲप, त्याला दिवसाचे तेरा तास. माझ्यासारख्या पिशवी घेऊन जाणाऱ्याला चार. मावशींना शून्य. कागदावर तिघांना नियम एकच.

संपूर्ण टाळेबंदीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते अर्धवट निर्बंधांचं. काही उघडं, काही बंद; काही वेळ चालू, काही वेळ ठप्प; काहींना परवानगी, काहींना नाही. साथीचं गणित मांडताना आपण माणसं मोजतो: एक बाधित माणूस आणखी किती जणांना बाधित करतो, वगैरे. पण निर्बंध सुट्या माणसावर पडत नाही, तो घरावर पडतो. घरात खोल्या किती, फ्रिज आहे का, कमावता माणूस कुठं जातो, पगार महिन्याला येतो की रोज, यावर तो किती पेलवेल ते ठरतं.

आधी दुकानाचंच बघू. रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाचा एक नियम आहे. त्यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला आणि तो इतका सोपा आहे की सिद्ध करायची गरजच काय असं वाटावं. दर मिनिटाला किती माणसं येतात, त्याला प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो त्यानं गुणायचं. एका वेळी तिथं सरासरी किती माणसं असतील ते मिळतं.

समजा नाक्यावरच्या वाण्याकडे दिवसाला चारशे गिऱ्हाइकं येतात आणि प्रत्येकाचे रांगेसकट दहा मिनिटं जातात. सकाळी आठ ते रात्री दहा, असं चौदा तास दुकान उघडं असेल तर एका वेळी तिथं सरासरी पाच जण दिसतील. तीच चारशे माणसं चार तासांत आली, तर सतरा. आता पाच माणसांत एकमेकांना संसर्ग देऊ शकतील अशा जोड्या होतात १०. सतरा माणसांत त्या होतात १३६. दुकान कमी तास उघडं होतं हे हिशेबात धरलं, तरी दिवसभरातला एकूण सहवास साडेतीन ते चार पट होतो. शिवाय माझे दहा मिनिटं मी दयेनं धरलेत. सतरा माणसं काउंटरपुढे उभी राहिली की दहाची वीस होतात, आणि मग सतराची चौतीस.

प्रत्यक्षात चारशेची चारशे माणसं येत नव्हती, हेही खरं. लोकांनी फेऱ्या कमी केल्याच, आणि वेळेचं बंधन घालण्यामागे हेतूही तोच होता. पण फेऱ्या कमी केल्या कोणी? आम्ही केल्या. महिन्याचं सामान एकदम भरलं, भाजी आठवड्याची आणून फ्रिजमध्ये कोंबली, आठ दिवस पायऱ्यासुद्धा उतरलो नाही. मावशींच्या घरी तेल अर्धा लिटरच्या पिशवीनं येतं, डाळ पाव किलोनं आणि चहापत्ती दहाच्या पुडीनं. हातात पैसे जसे येतील तशी खरेदी. त्यात बेशिस्त शोधायला जाऊ नये. महिन्याचं सामान भरायला आधी महिन्याचे पैसे एकत्र लागतात. त्यामुळे कमी वेळ उघड्या राहणाऱ्या त्या दुकानात सगळ्यांत जास्त वेळा जावं लागलं ते जेमतेम घर चालवणाऱ्यांनाच.

हा तर्क अमेरिकेत आकड्यांनिशी तपासला गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर मार्च ते मे २०२० मधल्या मोबाइलच्या निनावी नोंदींवरून दहा मोठ्या महानगरांतल्या ९ कोटी ८० लाख लोकांच्या हालचालींचा नकाशा मांडला. 'नेचर'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात एक तपशील थेट किराणा दुकानाचा आहे. कमी उत्पन्नाच्या वस्तीतले लोक ज्या दुकानांत जात, तिथं दर चौरस फुटामागे तासाला ५९ टक्के जास्त माणसं होती आणि प्रत्येक जण सरासरी १७ टक्के जास्त वेळ आत होता. त्यांचं फिरणंही श्रीमंत वस्त्यांइतकं कमी होऊ शकलं नव्हतं. त्याच प्रारूपातून उपायही निघाला होता: दुकान बंद करण्यापेक्षा, किंवा सरसकट सगळ्यांचं फिरणं रोखण्यापेक्षा, एका वेळी आत किती माणसं असावीत यावर मर्यादा घालणं जास्त कामाचं. शिकागोत जागेच्या क्षमतेच्या वीस टक्क्यांवर मर्यादा घातली तर नवे संसर्ग ८० टक्क्यांहून जास्त घटतात आणि भेटी मात्र ४२ टक्केच कमी होतात, असा त्यांचा हिशेब निघाला. आपल्याकडे वाण्यांनी खडूनं गोल आखले होते ते याच धर्तीवर. पण अकराला शटर पाडायचं असेल, तर दहा पन्नासला त्या गोलांत कोण उभं राहतं?

दुकानातून विषाणू घरी आला की गणित बदलतं. डिसेंबर २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार, घरातल्या एकाला कोविड झाला तर घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला त्याच्याकडून तो होण्याचं प्रमाण सरासरी १६.६ टक्के होतं. नवरा-बायकोत ते ३८ टक्क्यांच्या आसपास. डेल्टा प्रकार येण्याआधीची ही गोष्ट. १६.६ ऐकायला कमी वाटतं. पण आमच्या पाच जणांच्या घरात एक आजारी पडला, तर उरलेल्या चौघांपैकी निदान एकाला होण्याची शक्यता ५२ टक्के भरते. आठ जणांच्या घरात ती ७२ टक्क्यांवर जाते. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येकाचा धोका सारखा आणि स्वतंत्र धरलाय. प्रत्यक्षात आजारी माणसाला वेगळी खोली देता आली तर तो उतरतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली साधारण ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्यांनी 'गृह विलगीकरण' कुठं करायचं? आणि दाराबाहेरचं शौचालय सामाईक असेल तर घराची हद्द नेमकी कुठं संपते?

मुंबईनं याचं उत्तर आकड्यांत दिलं. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं शहरातल्या तीन प्रभागांत रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली. हे दिवस 'मिशन बिगिन अगेन'चे, म्हणजे टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवण्याचे. आज रस्त्याच्या या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. खासगी कचेऱ्यांत मोजकीच माणसं. शहर एक, आदेश तेच. झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींत राहणाऱ्या १६ टक्क्यांच्या. मधे कित्येकदा फक्त एक भिंत. आणि ती भिंत ओलांडून रोज सकाळी कोणीतरी कुणाची तरी भांडी घासायला जात होतं किंवा गाडी चालवायला.

आता लोकल. तिचा विषय काढल्याशिवाय इकडच्या माणसाचं बोलणं पूर्ण होत नाही. जून २०२० मध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून बायकांना मुभा मिळाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दहाला मस्टरवर सही करायची असेल तर अकराच्या गाडीचं करायचं काय, हे कोणी सांगितलं नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना परवानगी: पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, मग दुपारी बारा ते चार, मग रात्री नऊनंतर. गर्दी पांगवायची म्हणून या वेळा, आणि साथीच्या शास्त्राला धरूनच होत्या. फक्त नऊ ते सहा नोकरी करणाऱ्यानं त्या पाळायच्या म्हटल्या तर सातच्या आत गाडी पकडायची आणि रात्री नऊनंतर परतीची. बदलापूरला किंवा विरारला राहणाऱ्याचे सोळा-सतरा तास बाहेर. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रिकामे तीन तास ऑफिसखालच्या कट्ट्यावर काढायचे. त्यांच्या बायकोची नोकरीही तिकडचीच होती. तिनं ती सोडली, कारण दोघांनी पहाटे निघायचं तर मुलाला शाळेच्या ऑनलाइन तासाला बसवणार कोण? नोकरी गेली ती वेळापत्रकामुळे. पण अशी नोकरी निर्बंधांच्या झळीत मोजली जात नाही, 'घरगुती कारण' म्हणून जाते.

शाळांचं तेच, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्यानं सुरू झाले, पाचवी ते आठवीचे जानेवारीअखेर, मुंबई वगळून. एकाच घरात मोठी शाळेत आणि धाकटा मोबाइलपुढे. पण तो मोबाइल बापाबरोबर कामावर गेलेला.

अर्धवट निर्बंधांची आणखी एक खोच आहे, ती आकड्यांत नीट पकडता येत नाही. सगळं बंद असतं तेव्हा ठरवायला काही उरत नाही. चिडायचं तर सरकारवर चिडायचं. अर्धं उघडलं की भांडण घरात शिरतं. भाजीला कोण जाणार? आईला शेजारी पत्ते खेळायला जाऊ द्यायचं का? पंचवीस माणसांच्या लग्नात आपण पंचविसातले आहोत की नाही, आणि असलो तर जायचं का? आमच्याकडे आई दोन दिवस बोलली नाही, ती पत्त्यांवरून. मावशींना बोलवायचं का, हा प्रश्न तर खुद्द सरकारनंच सोडून दिला होता. घरकाम करणाऱ्यांना सूट द्यायची की नाही, हे स्थानिक प्रशासनानं ठरवावं असं एप्रिलच्या आदेशात होतं. तिथून तो निर्णय खाली ओघळत सोसायटीच्या समितीपर्यंत आला आणि तिथून आमच्या स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघरावरून आठवलं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे यांना साथीच्या काळातल्या आकड्यांत एक गंमत दिसली. एप्रिल २०२० च्या कडक टाळेबंदीत पुरुषांचे घरकामाचे तास वाढले, स्त्री-पुरुषांतलं अंतर कमी झालं. ऑगस्टपर्यंत, म्हणजे दारं किलकिली झाल्यावर, ते तास पुन्हा उतरले. अगदी पूर्वीइतके नाहीत, पण उतरले. माझ्या घरचा आलेख याहून वेगळा निघाला असता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पूर्ण बंदीत मी पोळ्या लाटायला शिकलो होतो.

नियम आखणाऱ्याला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण रेघ कशावर ओढली ते बघण्यासारखं असतं. एप्रिल २०२१ मध्ये ज्या सहकारी सोसायटीत पाचपेक्षा जास्त रुग्ण, ती 'सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र', बाहेर फलक. बारा बिऱ्हाडांची सोसायटी असो की तीनशेंची, आकडा पाचच. बारा बिऱ्हाडांत सहा रुग्ण म्हणजे हाहाकार; तीनशेंत सहा म्हणजे त्या लाटेतला बरा आठवडा. ७ जूनपासून जिल्ह्यांचे आणि मोठ्या शहरांचे पाच स्तर झाले. चाचण्यांत बाधित किती टक्के आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या, यावरून स्तर ठरे. पाच टक्क्यांखाली आणि खाटा पंचवीस टक्क्यांखाली म्हणजे पहिला, जवळजवळ सगळं खुलं. ही मापं चुकीची नव्हती. रुग्णालय कोलमडेल का, हे त्यांतून कळत होतं. घर कोलमडेल का, हे मोजणारं एकही माप त्यांत नव्हतं. त्याआधी एप्रिलमध्ये नोंदणी असलेले बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले यांना दीड-दीड हजार जाहीर झाले होते. मावशींची नोंदणी नव्हती. कुठं करतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही.

तेलाच्या त्या दिवसानंतर असं ठरलं की मावशींनी आदल्या दिवशी यादी द्यायची आणि मी माझ्या पिशवीबरोबर त्यांची आणायची. त्यांच्या मुलीच्या अक्षरात, वहीच्या पाठकोऱ्या कागदावर: तूरडाळ पावशेर, तेल अर्धा लिटर, साखर पावशेर, चहा दहाचा. हिशेब त्या रोजच्या रोज रोख देत, चिल्लर मोजून. माझ्या फेऱ्या आठवड्याला एकीवरून पाचवर गेल्या आणि त्या गोलांत मी चांगलाच ओळखीचा झालो. वाणी एकदा म्हणालासुद्धा, "काय साहेब, पावशेर डाळ? रोजच?"

जूनमध्ये दुकानांच्या वेळा वाढल्या. मग यादी आली नाही.