एमएसबी ४०११ : बिल्ड फाइलमधील दुबार इम्पोर्ट

एमएसबी ४०११ ही मायक्रोसॉफ्टच्या एमएसबिल्ड या बिल्ड यंत्रणेची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाची, वॉर्निंग आहे. एका प्रोजेक्टमध्ये तीच फाइल दुसऱ्यांदा इम्पोर्ट होऊ लागली, म्हणजे तिचा मजकूर पुन्हा आत घेतला जाऊ लागला, की ही वॉर्निंग येते. तिच्यात दोन ठिकाणे दिलेली असतात. सुरुवातीला नव्या इम्पोर्टची फाइल आणि ओळ, तर पुढच्या मजकुरात आधीचा इम्पोर्ट जिथे झाला ती जागा. दुसरा इम्पोर्ट सोडून दिला जातो आणि बिल्ड पार पडतो. म्हणूनच अनेक टीम या वॉर्निंगकडे काणाडोळा करतात. पण सोडून दिलेली ती ओळ कोणीतरी काही हेतूने लिहिलेली असते, आणि तो हेतू साधलेला नसतो.

एमएसबिल्ड २००५ साली व्हिज्युअल स्टुडिओ २००५ आणि डॉट नेट फ्रेमवर्क २.० सोबत आले. २०१५ मध्ये त्याचा स्रोत खुला झाला. त्याच्या प्रोजेक्ट फाइली एक्सएमएलमध्ये असतात आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाव दिलेल्या सेटिंग, वरून खाली वाचल्या जातात. नंतर लिहिलेले मूल्य आधीच्या मूल्यावर मात करते. समजा, टीमच्या सामाईक प्रॉप्स फाइलमध्ये (प्रॉपर्टी ठेवण्याच्या फाइलमध्ये) ‘वॉर्निंगला एरर माना’ ही प्रॉपर्टी चालू आहे. ही फाइल प्रोजेक्टमध्ये वरच्या बाजूला इम्पोर्ट होते, मधे प्रोजेक्ट ती प्रॉपर्टी बंद करतो. टीमचाच नियम शेवटी टिकावा म्हणून कोणी तळाशी तीच फाइल पुन्हा इम्पोर्ट केली, तर त्या ओळीला काहीच अर्थ उरत नाही. प्रॉपर्टी बंदच राहते.

सर्वात गोंधळात टाकणारा प्रकार जुना सी-शार्प प्रोजेक्ट नव्या एसडीके (डॉट नेटच्या साधनसंचाच्या) शैलीत आणताना घडतो. नव्या शैलीत एसडीकेची प्रॉप्स फाइल प्रोजेक्टच्या डोक्यावर आणि टार्गेट्स फाइल (बिल्डच्या पायऱ्या सांगणारी) तळाशी आपोआप जोडली जाते. सी-शार्पच्या टार्गेट्स फाइलचा जुना इम्पोर्ट पुसायचा राहिला, तर तो आधी वाचला जातो आणि एसडीकेने केलेला इम्पोर्ट दुसरा ठरतो. साहजिकच वॉर्निंग एसडीकेच्या फाइलकडे बोट दाखवते. त्या फाइलला हात लावू नये; चूक संदेशाच्या उत्तरार्धात दिलेल्या जागी, म्हणजे आपल्याच प्रोजेक्ट फाइलमध्ये असते. शिवाय टार्गेट्स फाइल वेळेआधी वाचली गेलेली असते, हे वेगळेच.

‘डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स’ ही फाइल एमएसबिल्ड १५ पासून, म्हणजे २०१७ पासून, आपोआप इम्पोर्ट होते. तिचा हाताने लिहिलेला इम्पोर्ट काढून टाकावा. सी प्लस प्लसमध्ये एक प्रॉपर्टी शीट (तिथली प्रॉप्स फाइल) दुसरीला ओढून घेते आणि प्रोजेक्टही त्या दुसरीला थेट घेतो, तेव्हा हीच वॉर्निंग दिसते. फाइल फिरून स्वतःलाच इम्पोर्ट करू लागली तर त्यासाठी स्वतंत्र वॉर्निंग आहे.

मूळ शोधायला ‘प्रीप्रोसेस’ हा स्विच उत्तम. तो सगळे इम्पोर्ट जागच्या जागी उलगडून एकच मोठी फाइल लिहून देतो, त्यामुळे क्रम डोळ्यांनी तपासता येतो. बिल्डची सविस्तर नोंद ठेवणारा बायनरी लॉगही उपयोगी पडतो. दोन्हींपैकी कोणता इम्पोर्ट ठेवायचा हे क्रमावरून ठरवावे. वॉर्निंगने ज्याकडे बोट दाखवले तोच पुसणे हा उपाय नव्हे. कमांड लाइनवरून वॉर्निंग दडपता येते, पण कारण कळल्याशिवाय तसे करू नये.

ओळख पटवताना एमएसबिल्ड फाइलचा पूर्ण मार्ग (पाथ) पाहते, मजकूर नाही. जुन्या ‘पॅकेजेस.कॉन्फिग’ पद्धतीत नुगेट (डॉट नेटची पॅकेज यंत्रणा) पॅकेजच्या इम्पोर्ट ओळी थेट प्रोजेक्ट फाइलमध्ये लिहिल्या जात. नव्या पद्धतीकडे स्थलांतर केल्यावर त्या ओळी मागे राहिल्या आणि जुने पॅकेज फोल्डरही डिस्कवर असले, तर तेच पॅकेज दोन वेगवेगळ्या मार्गांनी दोनदा आत येते आणि एमएसबी ४०११ उमटतच नाही. अशा वेळी पॅकेज लिहिणाऱ्याने ठेवलेली राखण कामी येते. फाइल वाचली गेल्याची खूण एका प्रॉपर्टीत नोंदवायची आणि ती खूण नसेल तरच आतला मजकूर लागू करायचा.