द्रायुयामिकीचे प्रयोग (प्राथमिक शाळा)

द्रव आणि वायू दोन्ही वाहतात, म्हणून विज्ञानात दोघांना मिळून द्रायू म्हणतात आणि त्यांच्या अभ्यासाला द्रायुयामिकी. नाव ऐकून हा इंजिनिअरिंग कॉलेजचा विषय वाटतो आणि त्यातली गणितं खरंच तिथेच शिकवतात, पण दाब, तरंगणं, प्रवाह, घट्टपणा (म्हणजे द्रव किती सावकाश वाहतो ते) या मूळ गोष्टी पहिली ते पाचवीच्या मुलांना हाताने करून बघता येतात, त्यासाठी सूत्र एकही लागत नाही. मुलं शाळेत येण्याआधीच हापसा मारून, पिचकारी उडवून, ओहोळात कागदी होड्या सोडून अर्धा विषय खेळून आलेली असतात.

भारतात टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवायची परंपरा चांगली आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, तो होता सहावी ते आठवीसाठी, पण 'मुलांनी स्वतः करून बघायचं' हा त्याचा आग्रह खालच्या वर्गांनाही तितकाच लागू पडतो. त्याच वाटेवरचे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, स्ट्रॉ, रिफिल, सायकलची ट्यूब यांतून पंप आणि कारंजी करायची त्यांची खेळणी अनेक शाळांत पोचलीत.

वर्गात क्रम साधा ठेवायचा, आधी अंदाज, मग प्रयोग, मग वाद. संत्रं पाण्यात टाकलं तर तरंगेल की बुडेल? हात वर करायला लावायचे. सालासकट तरंगतं, सोललं की बुडतं, आणि मुलं चक्रावतात कारण सोलल्यावर ते हलकं झालेलं असतं ना! सालीच्या आत हवा असते हे कुणीतरी पोरच साल दाबून बघून सांगतं. आपण सांगायची घाई केली तर प्रयोगाचा जीवच जातो.

सगळ्यात जास्त देऊन जाणारा प्रयोग म्हणजे तीन भोकांची बाटली. बाटलीत २० सेंटिमीटर पाणी, तळापासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर दाभणाने भोकं (ती मोठ्यांनी पाडायची), वर सेलोटेप, बाटली परातीत ठेवायची, टेप काढायची आणि वरून पाणी ओतत राहायचं म्हणजे पातळी तीच राहते. पुष्कळ चित्रांत तळाची धार सगळ्यात लांब दाखवलेली असते. प्रत्यक्षात मधली सगळ्यात लांब जाते, वरची आणि खालची साधारण एकाच जागी पडतात. खालच्या भोकावर पाण्याचा दाब जास्त म्हणून तिथून ते सगळ्यात जोरात निघतं हे बरोबरच आहे, पण त्याला खाली पडायला उंची फार थोडी मिळते, लगेच परात लागते. आता तीच बाटली २० सेंटिमीटर उंच डब्यावर ठेवा, की खालची धार सगळ्यांच्या पुढे जाते. छापलेल्या चित्रापेक्षा समोरच्या परातीवर विश्वास ठेवायचा असतो, हे चौथीच्या मुलाला इथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळत असेल.

दाबासाठी २ मिली आणि १० मिलीच्या बिनसुईच्या नव्या सिरिंज सलाईनच्या नळीने जोडायच्या, आत पाणी, बुडबुडे काढून टाकायचे. लहान सिरिंज छोट्या मुलाच्या हातात, मोठी दांडग्याच्या, आणि दोघांनी एकदम दट्ट्या दाबायचा. छोटा जिंकतो! कारण बारीक दट्ट्यावर तेवढ्याच जोराने दाब जास्त तयार होतो आणि तो मोठ्या दट्ट्याच्या सगळ्या तोंडावर ढकलतो. फक्त छोट्याला दट्ट्या लांबवर दाबत न्यावा लागतो आणि समोरचा थोडासाच सरकतो. मग पाण्याऐवजी हवा भरून बघायचं, स्प्रिंगसारखं लागतं, हवा दबते आणि पाणी जवळजवळ दबत नाही.

घट्टपणासाठी मध, तेल, पाणी ताटलीत एकेक थेंब टाकून ताटली तिरकी करणं पुरेसं.

चुकीच्या स्पष्टीकरणांचं मात्र बघायला हवं. पाण्यातल्या पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की ज्योत विझते, पाणी आत चढतं, आणि ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली असं सर्रास सांगतात. नीट बघितलं तर सुरुवातीला ग्लासच्या काठाखालून बुडबुडे येताना दिसू शकतात, आणि पाणी बरंचसं ज्योत विझल्यावर भर्रकन चढतं. तापलेली हवा फुगून बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली, मग बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. दोनतीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अजून वर चढतं, ऑक्सिजन तर ग्लासात तेवढाच होता. हा प्रयोग मोठ्या माणसानेच करायचा आणि बाकीचे सगळे मुलांच्या हातात द्यायचे.

पाण्याची टंचाई असलेल्या गावात एक बादली दिवसभर पुरते, तेच पाणी परातीतून बाटलीत, बाटलीतून परातीत फिरवत राहायचं आणि शेवटी शाळेच्या झाडांना घालायचं. मध-तेलाची ताटली तेवढी वेगळी धुवायची.