पागोळ्या अडवणारे सिंह

कौलारू घरात पावसाळा काढलेल्या माणसाला पागोळ्यांचं वेगळं सांगायला नको. जोत्याला लागून जमिनीत ओळीनं खळगे पडतात, भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग सदा ओला राहतो. प्राचीन ग्रीसमधल्या मंदिरांनाही हा त्रास होताच. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे संगमरवरी सिंहमुखं. संग्रहालयात ती नुसती शोभेची वाटतात, पण मुळात ती पन्हळीची तोंडं आहेत.

ग्रीसमधल्या ऑलिंपियाचं, देवांचा राजा झ्यूस याचं मंदिर घ्या. लिबॉन नावाच्या स्थपतीनं बांधलेलं, इ.स.पू. 456 च्या सुमारास पुरं झालेलं, सुमारे 64 मीटर लांब. खांब तिथल्याच शिंपल्यांच्या चुनखडीचे आणि वरून गिलावा दिलेले. कौलं मात्र थेट पॅरोस बेटावरच्या संगमरवराची. छपराच्या कडेला दगडाचीच उभी पट्टी, म्हणजे आपोआप पन्हळ तयार. पन्हळीतलं पाणी बाहेर काढायला ठरावीक अंतरावर भोकं आणि प्रत्येक भोकापुढे जबडा वासलेला सिंह. अशी शंभराहून अधिक डोकी.

किटलीतून चहा हळू ओतला की तो तोटीखालून ओघळत पोटावर येतो, तसंच पन्हळीचं पाणीही दगडाला चिकटून भिंतीकडे परत येऊ पाहतं. भिंतीपासून चांगलं पुढे आलेलं डोकं, लांब खालचा ओठ आणि त्यावर बाहेर काढलेली जीभ असली की धार सुटून लांब पडते. सिंहाचा आवेश शिल्पकाराचा. जिभेची लांबी मात्र पाण्यानं ठरवलेली, असं मला वाटतं.

रोमन स्थपती विट्रुव्हिअस याहून व्यवहारी सल्ला देतो: भोक फक्त खांबांच्या बरोबर वर येणाऱ्या सिंहांनाच पाडा, मधले भरीव ठेवा, नाहीतर दोन खांबांमधून आत-बाहेर करणारा माणूस भिजेल.

ऑलिंपियातले सगळे सिंह एका पिढीचे नाहीत. फुटलेल्या, निखळलेल्या डोक्यांच्या जागी रोमन काळापर्यंत नवी बसत गेली. सुरुवातीच्या सिंहांची आयाळ आखीव, ज्वाळांसारख्या बटांची. पुढे केस मोकळे होतात, कपाळावर आठ्या येतात. या फरकांवरून अभ्यासकांनी त्यांची कालक्रमानं वर्गवारी केली आहे. दगडही बदलला: दुरुस्तीला अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराचा संगमरवर आला. इ.स.च्या दुसऱ्या शतकात तिथे गेलेला प्रवासी पॉसेनिअस या छपराची कौलं पेंटेलीचीच असल्याचं लिहितो. बहुधा त्यानं पाहिली ती बदललेली कौलं.

पांढऱ्या दगडाची खाण नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघडच. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातल्या कार्बन व ऑक्सिजनच्या जड-हलक्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण खाणीगणिक थोडं थोडं बदलतं. हार्मन आणि व्हॅलेरी क्रेग यांनी 1972 मध्ये ही पद्धत ग्रीक संगमरवरावर वापरून दाखवली. चिमूटभर भुकटी पुरते. काही खाणींची प्रमाणं एकमेकींत मिसळतात, म्हणून दगडाच्या कणांचा आकारही जोडीला मोजावा लागतो.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर मात्र गंमत आहे. तिथे लांब बाजूंना पन्हळच नाही, पाणी कौलांवरून सरळ खाली पडायचं. सिंह आहेत ते फक्त छपराच्या चार कोपऱ्यांवर, आणि त्यांच्या जबड्यांत आरपार भोकच पाडलेलं नाही.